तिचा फॉर्म मी भरला

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या आरोग्य केंद्रात बाळाचं लसीकरण चुकवून आलेल्या बायका माझ्या टेबलापाशी येताना पदर सावरतात. डॉक्टरांनाही मी दोनदा सुनावलेलं आहे. सगळे म्हणतात, सिस्टर कुणाला भीत नाहीत. ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण आयुष्यात एकदाच खरोखर तोंड उघडायची वेळ आली होती आणि तेव्हा मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी दुसरीचंही तोंड बंद केलं.

तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज तलासरीच्या पुढे, अच्छाडकडे जाणाऱ्या हायवेला लागून. खाली वर्ग, वर हॉस्टेल. दिवसभर ट्रक जायचे आणि वर्गात मॅडम शिकवता शिकवता मध्येच थांबायच्या, ट्रक गेला की पुढचं वाक्य. एका खोलीत सहा कॉट. माझ्या शेजारच्या कॉटवर ती होती.

ती वेवजीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. तिचे वडील पावसात आपलं भात लावायचे आणि उरलेलं वर्ष गुजरातेतल्या कारखान्यांमध्ये मिळेल ते काम करायचे. तिला घरची बोली यायची, मराठी यायची, गुजराती तर अशी यायची की दुकानदार फसायचे. आम्हाला कॉलेजची बस रोज डहाणूला दवाखान्यात न्यायची, तिथे वॉर्डात म्हाताऱ्या बायका तिचा हात धरून बसवून घ्यायच्या, कारण ती प्रत्येकीशी तिच्या भाषेत बोलायची. मला त्याच बायका नुसत्या हाका मारायच्या, बेडपॅन हवा असला की. मी डहाणूची, माझे वडील स्टेशनबाहेर रिक्षा चालवायचे, म्हणजे मी शहरातली. तिला मी बरंच काही शिकवायचे. तिनं न विचारता.

नर्सिंगला यायचं तिनं ठरवलं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी फॉर्म भरला, नंबर लागला, वडिलांनी आणून सोडलं. सोडताना त्यांनी हॉस्टेलच्या जिन्यात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "एकदा पाठवली. मधी परत आलीस तं लगीन." रागानं नाही बोलले, बसची वेळ सांगावी तसं बोलले. मी तिथेच उभी होते. ती मान हलवून पिशवी घेऊन वर गेली. त्यानंतर तिला कसलीही भीती वाटली की ती एकाच गोष्टीची असायची, परत जावं लागेल याची.

आमच्याकडे नियम होता. आजारी पडून ड्युटी बुडाली तर एका दिवसाचे दोन दिवस भरून द्यायचे. ते नाही भरले तर हजेरी कमी, हजेरी कमी तर परीक्षेला बसता येत नाही, मग मागच्या बॅचबरोबर पुन्हा तेच वर्ष. आणि आजारी असल्याचं सांगायचं तर आधी वॉर्डन बाई घरी फोन लावणार. वडिलांनी हो म्हटलं की डॉक्टर. आम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी. वॉर्डात परक्या माणसाच्या शिरेत सुई घालायला आम्ही चालत होतो, पण स्वतःच्या तापाची गोळी घ्यायला बापाची परवानगी. याचं तेव्हा आश्चर्यही वाटलं नाही. असंच असतं म्हणून पुढे चाललो.

खाण्याचंही तेच. बस साडेसहाला सुटायची, नाश्ता सातला तयार व्हायचा. त्यामुळे दोन वर्षं आम्ही सकाळी काही खाल्लंच नाही. तिकडे वर्गाच्या भिंतीवर संतुलित आहाराचा तक्ता होता, मीच रंगवलेला, त्यात दूध, अंडं, पालेभाजी, नाचणीची भाकरी. तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

तिचा खोकला दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाला. सगळ्यांनाच सर्दी-खोकला होता, कुणाचं लक्ष गेलं नाही. बाकीच्यांचा गेला, तिचा राहिला. ती उशीत तोंड खुपसून खोकायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "पाणी पी की, बाई. डोकं उठवलंस." ती म्हणाली, "सॉरी." मग ती बाहेर संडासाच्या पॅसेजमध्ये जाऊन खोकायला लागली. मला हायसं वाटलं. आज लाज वाटते, पण तेव्हा हायसंच वाटलं होतं.

जानेवारीत आम्हाला एका गावच्या बाजारात क्षयरोगावर पथनाट्य करायचं होतं. मी सिस्टर झाले होते. पेशंट कोण होणार यावर जरा वाद झाला, मग ती म्हणाली, मी होते. बाजार भरलेला, एकीकडे सुकी मासळी, एकीकडे कांदे-बटाटे, मधल्या मोकळ्या जागेत आम्ही. ती जमिनीवर बसून खोकायला लागली. आधी लोक हसले, मग हसायचे थांबले. ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, ओढणी तोंडावर दाबून धरलेली. मी ऐटीत तिच्यासमोर उभी राहून पाठ केलेलं बोलले, "मावशी, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे? संध्याकाळी ताप येतो? वजन कमी झालंय? मग थुंकी तपासून घ्या. लाज बाळगू नका, औषध फुकट आहे." तिनं माझ्याकडे वर पाहिलं. नाटकात तिचं पुढचं वाक्य होतं, "होय सिस्टर, मी आजच जाते." ते म्हणायला तिला बराच वेळ लागला. मॅडम परत येताना बसमध्ये म्हणाल्या की किती नैसर्गिक काम केलंस. आम्ही टाळ्या वाजवल्या.

क्षयावर त्या महिन्यात चाचणी झाली होती. मला त्यात सर्वांत जास्त गुण होते.

फेब्रुवारीत फॉर्म आले. बाहेरच्या एक बाई कसलासा अभ्यास करत होत्या. नर्सिंगच्या मुली निर्णय कसे घेतात, किती स्वतंत्र असतात, तब्येतीची काळजी कशी घेतात. प्रत्येकीला चार पानं. वाक्यं छापलेली आणि पुढे तीन चौकोन : नेहमी, कधीकधी, कधीच नाही. "माझ्या तब्येतीबद्दलचे निर्णय मी स्वतः घेते." "मी वेळेवर नाश्ता करते." "अडचण आली तर मी मदत मागते." वर लिहिलं होतं, नाव लिहू नये, खरं लिहावं. आमच्या मॅडम फॉर्म माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू वर्गाची प्रतिनिधी आहेस. सगळ्यांकडून भरून घे, नीट बघून दे. कॉलेजचं नाव आहे." बस, एवढंच म्हणाल्या. बाकीचं मी ऐकलं.

मी वर्गात उभी राहून सांगितलं, सगळ्यांनी 'नेहमी'वर खूण करा. आणि कुणाचा राहिला ते कळावं म्हणून वर कोपऱ्यात रोल नंबर टाका. पोरींनी निमूट केलं. एकीनं तर विचारलं, "मी स्वतंत्रपणे विचार करते, याला पण नेहमीच ना?" मी म्हटलं, हो, त्याला पण. पाच मिनिटांत काम झालं.

हॉस्टेलवर आल्यावर मी कॉटवर बसून फॉर्म चाळत होते. तिचा आला. तिच्या खुणा बघून माझं डोकंच फिरलं. जवळजवळ सगळ्या 'कधीच नाही'वर. शेवटच्या पानावर चार रेघा मोकळ्या होत्या, आणखी काही सांगायचं असल्यास म्हणून. बाकी सगळ्यांच्या कोऱ्या होत्या. तिनं तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : "तीन महिने खोकला आहे. रोज संध्याकाळी ताप येतो. परवा रक्त पडलं. सांगायची भीती वाटते. घरी पाठवू नका."

मला काय झालं हे मी खरंखरं सांगते. मी घाबरले, पण तिच्यासाठी नाही. पहिल्या वर्षी मला कावीळ झाली होती, त्या आजारपणाचे दिवस मी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकटीनं भरून दिले होते, तरी माझी हजेरी काठावरच होती. तिला क्षय निघाला तर सगळी खोली तपासणीला जाणार, आम्हा सहाही जणींची ड्युटी बंद, परीक्षा दोन महिन्यांवर. शिवाय फॉर्म मीच 'नीट बघून' द्यायचा होता. मी मनात म्हटलं, भवानी, स्वतः तर बुडशील, आम्हालाही घेऊन बुडशील. असंच म्हटलं, याच शब्दांत.

पहिल्या दिवसापासून आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती. पेशंटच्या कागदावर व्हाइटनर लावायचा नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं, सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे, कारण खाली काय होतं यावर उद्या कुणाचा जीव अवलंबून असेल. मी व्हाइटनरची बाटली काढली. जर्नलमधल्या आकृत्यांसाठी होती. तिच्या खुणा झाकल्या, चारही ओळी झाकल्या. वाळेपर्यंत फुंकर मारली. मग सगळीकडे 'नेहमी' केलं, शेवटी लिहिलं, "काही नाही."

ती आंघोळ करून आली तेव्हा मी तिला सांगितलं. लपवलं नाही. "तुझा फॉर्म मी नीट केलाय. असं काही लिहीत जाऊ नकोस, उगाच घोळ होतो. मी उद्या खोकल्याचं औषध आणते." ती ओले केस पुसत माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं भांडेल. मी भांडायची तयारीही केली होती. ती म्हणाली, "बरं." आणि केस बांधायला लागली.

औषध मी आणलं. नाक्यावरच्या मेडिकलमधून लाल रंगाची बाटली. दिवसातून तीनदा मी तिला आठवणीनं विचारायचे, घेतलंस का. मला वाटायचं मी तिची काळजी घेते आहे.

परीक्षेला तीन आठवडे असताना ती वॉर्डात पडली. सकाळी आठची वेळ. आम्ही दोघी मिळून एका पेशंटच्या बेडची चादर बदलत होतो. तिनं तिच्या बाजूचं टोक उचललं, खोकला आला, आणि त्या धुतलेल्या चादरीवर रक्त पडलं, थोडंथोडकं नाही. ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल तर "चादर." म्हणजे चादर खराब झाली. मग खाली बसली. तिच्या हाताला धरून उठवताना माझ्या बोटांना नुसतं हाड लागलं. आम्ही शेजारी शेजारी झोपत होतो आणि तो हात मी कधी नीट बघितला नव्हता.

पुढचं सगळं भराभर झालं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, दोन्ही फुप्फुसं खाल्लेली. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय निघाला. डॉक्टरांनी आमच्या मॅडमना विचारलं की इतके महिने कुणाला कसं कळलं नाही, नर्सिंगच्या मुली ना तुम्ही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तिनं कधी सांगितलं नाही. आम्हा पाच जणींची तपासणी झाली, सगळ्या ठणठणीत. ड्युटी चार दिवस बंद राहिली. चारच दिवस. मी परीक्षेला बसले आणि पहिल्या वर्गात पास झाले.

तिला आधी मोठ्या दवाखान्यात ठेवलं, मग पावसाच्या आधी घरी पाठवलं, गोळ्यांची पिशवी देऊन. मी जुलैमध्ये तिला भेटायला गेले. पाड्यापर्यंत रस्ता नव्हता, शेतांच्या बांधावरून जावं लागलं. लावणी चालू होती, पण तिचे वडील घरी होते. तिला त्यांनी पडवीत वेगळी बाज टाकून दिली होती, तिचं ताट-पेला वेगळा, सगळं अगदी आम्ही पथनाट्यात सांगायचो तसं. तिच्या लग्नाचं आता कुणी बोलत नव्हतं. धाकटी बहीण, आठ-नऊ वर्षांची, दूर खांबाला टेकून उभी होती.

मी मास्क लावून बसले. काय बोलायचं सुचेना, म्हणून निकालाचं बोलले. तिनं विचारलं, कोणाला किती. मी सांगितलं. मग तिच्या वडिलांनी, पायरीवर बसल्या बसल्या, मला विचारलं, "बाय, तुमी एका खोलीत होता. तुला काय कळलं नाय?"

मी मास्कच्या आत तोंड उघडलं, तेवढ्यात बाजेवरून तीच बोलली. "तिला नाय माहीत, बाबा. मी कोणाला सांगितलंच नाय." बोलून तिला धाप लागली. मी तिच्याकडे बघितलं, ती छपराकडे बघत होती. तिच्या वडिलांनी मान हलवली. मी तिला पाणी दिलं, दहा मिनिटं बसले आणि शेवटची जीप चुकेल म्हणून निघाले. बांधावरून येताना मी रडले, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

ऑगस्टमध्ये ती गेली. मला चार दिवसांनी कळलं.

या गोष्टीला आता नऊ-दहा वर्षं झाली. मला नोकरी लागली ती याच भागात, त्यांच्या गावाच्या केंद्रावर. तिचे वडील रक्तदाबाच्या गोळ्यांना दर महिन्याला येतात. मला 'बाय' म्हणतात. हिवाळ्यात कुणाच्या तरी वाडीवर तोडणीला जातात, तेव्हा येताना रुमालात चार चिकू बांधून आणतात आणि माझ्या टेबलावर ठेवतात. ते चिकू मी कधी खाल्ले नाहीत. घरी नेऊन मुलाला देते. इतक्या वर्षांत त्यांनी मुलीचा विषय काढला नाही आणि मी काढू दिला नाही. नवीन गोळी आली तर ते पाकीट उलटंपालटं करून मला विचारतात, घेऊ का. मी घ्या म्हटलं की घेतात.

या जूनमध्ये ते आले ते धाकटीला घेऊन. ती आता अठराची झाली आहे. उंच, बहिणीसारखंच गोल तोंड. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्म होता, नर्सिंगचा, त्याच कॉलेजचा. बाहेर ओपीडीची रांग लागलेली. त्यांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मोठीच्या टायमाला तू होतीस. आता हिला पाठवू का नको, तू सांग. तू सांगशील तसं."

ते 'तू सांगशील तसं' मला सहन झालं नाही. इतकी वर्षं दाबलेलं होतं ते एकदम वर आलं. मी त्यांना सगळं सांगितलं. फॉर्म, चार ओळी, व्हाइटनर, लाल औषध. भराभर सांगितलं, खाली मान घालून, स्वतःला कसलीही सूट न देता. सांगून झाल्यावर मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. वाटलं, आता तो हात माझ्या कानाखाली बसला तर बरं होईल.

ते म्हणाले, "मना माहीत हाय."

मी वर बघितलं.

"तू आलतीस ना घरी, तू गेल्यावर तिनंच सांगितलं. बोलली, तिला बोलू नका, ती घाबरली होती." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "राग हाय मना. अजून हाय. आयुष्यभर ऱ्हाईल. मीबी तिला तसंच बोललो होतो ना, परत आलीस तं लगीन. तो राग कोणावर काढू? म्हणून तुला कधी बोललो नाय. पण हिच्या टायमाला तुलाच विचारायला आलो. दुसऱ्यांदा तू गप बसायची नाय."

मला रडू आलं नाही. आलं असतं तर सोपं गेलं असतं. मी फॉर्म पुढे ओढला. वर मुलीच्या नावाची जागा, खाली पालकाच्या सहीची, आणि मध्ये कुठेही, कुठल्याही ओळीत, तिला यायचं आहे का हे विचारलेलं नव्हतं. मी धाकटीला स्टूलवर बसवलं. म्हटलं, "तुला जायचंय का?"

तिनं बापाकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांच्याकडे नको बघू. मी तुला विचारते."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, सिस्टर, आमचा नंबर कधी. धाकटी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. माझ्या तोंडाशी चार शहाणपणाची वाक्यं येऊन बसली होती, चांगली नोकरी असते, आता नियम बदललेत, मी आहे ना इथे. मी दात दाबून धरले.

"नाय," ती म्हणाली. "मना नाय जायचं. मना त्या खोलीत झोपायची भीती वाटते."

तिच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं. फॉर्म कोरा होता. मी त्याची घडी घातली आणि तसाच त्यांना परत दिला.